अ‍ॅबरडीनचा शरद आणि शेटलंडची लोकर

स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील ज्या अ‍ॅबरडीन शहरात नोकरीच्या निमित्ताने गेली काही वर्षे माझे वास्तव्य आहे, ते शहर करड्या ग्रॅनाइट दगडाचे आहे. घरे त्याची, देवळे त्याची, कचेऱ्याही त्याच्याच, आणि पावसाची सर ओसरून ऊन पडले म्हणजे त्या दगडातील अभ्रकाचे कण असे लुकलुकू लागतात की साऱ्या रस्त्याला कोणी चांदीचा वर्ख लावला असावा असे क्षणभर वाटते. हा दगड मुख्यत्वे ज्या रुबिस्लॉ खाणीने पुरविला, ती १९७१ साली बंद झाली तेव्हा सुमारे १४० मीटर खोल गेली होती. आता ती पाण्याने भरली आहे. शहर देखणे आहे, परंतु परक्या मुलखातून आलेल्या माणसाला त्याच्या हिवाळ्याची धास्ती वाटते, आणि त्या धास्तीचा आरंभ शरदातच होतो. आपल्याकडे शरद म्हणजे पाऊस उघडून निवळलेले आकाश, भरलेली शेते आणि कोजागरीचे चांदणे. येथे सत्तावन्न अंश उत्तर अक्षांशावर शरद म्हणजे प्रकाशाची वजाबाकी. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस आणि रात्र समसमान झाल्यावर पुढे दररोज चार मिनिटांहून अधिक दिवस कमी होत जातो, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सरकारी कायद्याने घड्याळे एक तास मागे घेतली की त्याच दिवशी सायंकाळी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो.

म्हणून यंदा मी असा संकल्प केला की सप्टेंबर-ऑक्टोबर या दोन महिन्यांतील शनिवार-रविवार घरात बसून घालवायचे नाहीत. उजेड आहे तोवर हिंडावे, आणि पिशवीत लोकर व सुया बाळगाव्यात. विणकाम मला साताऱ्याच्या आत्याने शिकविले होते. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणे आणि बंद करणे एवढेच ते ज्ञान. तिच्या हातचे चॉकलेटी स्वेटर आम्हां भावंडांनी उंची वाढेल तसे एकमेकांकडे सोपवीत वापरले. येथे माझ्या शेजारी ज्या वृद्ध बाई राहतात, त्यांचे माहेर शेटलंड बेटांवरचे. मी काहीतरी रंगीत विणू पाहते आहे हे कळताच त्यांनी माझे विणकाम उजेडाकडे धरून उलट बाजूने पाहिले. सुलट बाजू त्यांनी पाहिलीच नाही. न वापरलेल्या रंगाचा धागा मागून मी इतका ताणून नेला होता की कापड जागोजागी आक्रसले होते. त्यांच्या सांगण्यावरून मी चौदा ओळी उसवल्या आणि पुन्हा आरंभ केला.

या पद्धतीचे मर्म येथेच सांगून टाकते, कारण पुढील सारा प्रवास त्याला बांधलेला आहे. फेअर आयल या शेटलंडच्या दक्षिणेकडील एकट्या बेटाच्या नावाने ओळखली जाणारी ही नक्षी पाहणाऱ्याला दहा-बारा रंगांची दिसते, परंतु तिच्या कोणत्याही एका ओळीत दोनांहून अधिक रंग नसतात. एका रंगाचे टाके पडत असताना दुसरा रंग मागच्या बाजूने सैल, पण लोंबणार नाही असा चालत राहतो, आणि जमिनीचे व नक्षीचे रंग काही ओळींनी बदलत गेल्यामुळे डोळ्यांना विपुलतेचा भास होतो. मागे दोन धागे असल्याने वस्त्र दुहेरी जाडीचे आणि उबदार होते. स्वेटर गोलाकार, नळकांड्यासारखा विणतात. बाह्यांच्या आणि गळ्याच्या जागी काही जादा टाके घालून तसाच वर नेतात आणि शेवटी ते टाके मधोमध कात्रीने कापून तोंडे मोकळी करतात. विणलेल्या वस्तूला कात्री लावायची, ही गोष्ट मी आत्याला कळविली असती तर तिचा विश्वास बसला नसता. मी बिनबाह्यांचा स्वेटर आरंभिला होता, म्हणजे ही कात्री मलाही चुकणार नव्हती.

पहिला शनिवार बेनाही डोंगराचा. शहरापासून सुमारे तीस किलोमीटरांवर असलेल्या या डोंगररांगेचे मिदर टॅप नावाचे शिखर अवघे ५१८ मीटर उंच, परंतु सभोवार सपाट शेतजमीन असल्यामुळे ते दुरूनही एखाद्या किल्ल्यासारखे उठून दिसते. आणि किल्ला तेथे खरोखरच आहे. या भूमीवरील प्राचीन पिक्ट लोकांच्या काळची, शिळांनी रचलेली तटबंदी माथ्याभोवती अजून ओळखू येते, आणि दरवाज्याची वाट दोन्ही बाजूंच्या दगडांमधून वळत आत शिरते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी लहानपण गेलेल्या माणसाला अशा वळणाचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. हेदर झुडपांचा जांभळा बहर ओसरून गेला होता, रोवन वृक्षांना मात्र लालभडक फळांचे घोस लागले होते. तटाच्या आडोशाला बसून मी कमरेच्या पट्टीच्या सहा ओळी विणल्या. वाऱ्याने बोटे बधिर झाली नसती तर आणखीही झाल्या असत्या. या देशाची एक गोष्ट मला मनापासून आवडते: २००३ सालच्या जमीनसुधारणा कायद्याने येथे कोणाही पादचाऱ्याला, तो नुकसान न करता आणि जबाबदारीने वागेल तर, खासगी मालकीच्या बहुतेक माळरानांतून, डोंगरांवरून आणि तळ्यांकाठून जाण्याचा हक्क आहे. मालकाची परवानगी नको, दस्तक नको, नजराणा नको.

दुसरा रविवार डनॉटरचा. दक्षिणेस स्टोनहेवन गावापुढे समुद्रात घुसलेल्या पन्नास मीटर उंचीच्या कड्यावर हा भग्न दुर्ग उभा आहे, आणि ज्याने जंजिरा पाहिला आहे त्याला पाण्याने वेढलेल्या तटाचा दरारा निराळा समजावून द्यावा लागत नाही. १६५१-५२ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने त्याला वेढा दिला असताना स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि खड्ग किल्ल्यातून गुप्तपणे बाहेर काढून जवळच्या किनेफ गावाच्या देवळातील फरशीखाली पुरून ठेवण्यात आली, आणि राजसत्ता पुन्हा प्रस्थापित होईपर्यंत ती तेथेच राहिली. देवळाच्या पाद्र्याची पत्नी आणि तिची दासी यांनी काही वस्तू अळशीच्या तंतूंच्या भाऱ्यात दडवून वेढ्यातून नेल्या, अशी परंपरा आहे. बायका सुताचा माल डोक्यावर घेऊन ये-जा करतात यात पहारेकऱ्याला वावगे काही दिसले नसेल, हे मला सहज पटते. त्या काळी या परगण्यात विणकाम हा बायकांचा नित्य व्यवसायच होता. अ‍ॅबरडीनचे व्यापारी खेडोपाडी लोकर वाटीत, बायका घरी मोजे विणून देत, आणि ते मोजे गलबतांनी हॉलंडकडे रवाना होत. सतराव्या-अठराव्या शतकांत या शहराच्या निर्यातीत त्यांचे स्थान मोठे होते. आज ग्रॅनाइटची आणि खनिज तेलाची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. त्या मोज्यांची स्मृती मात्र कोणत्याही चौकात उभी केलेली मला आढळली नाही.

सप्टेंबरअखेरच्या शुक्रवारी, सोमवारची रजा काढून, मी शेटलंडला निघाले. अ‍ॅबरडीनच्या बंदरातून सायंकाळी सात वाजता सुटणारी बोट दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला लेरविकला लागते. मध्यरात्रीनंतर फेअर आयल बेट अंधारात मागे पडते आणि पुढे सम्बरा भूशिराजवळ भरती-ओहोटीचे दोन प्रवाह एकमेकांशी झुंजतात, तेथे बोट चांगलीच हेलकावते. मी निजून राहण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि बैठकीच्या दालनात आले, तो तेथे सात-आठ बायका विणीत बसलेल्या. कोणी नॉर्वेची, कोणी कॅनडाची, कोणी जपानची. दरवर्षी याच सुमारास शेटलंडमध्ये भरणाऱ्या लोकर-सप्ताहासाठी त्या चालल्या होत्या. २०१० साली सुरू झालेला हा उत्सव आता जगभरच्या विणकऱ्यांना या बेटांकडे ओढून आणतो. भाषा आमच्या भिन्न, पण एकीने दुसरीच्या विणीवर बोट ठेवून भुवया उंचावल्या की प्रश्न समजत होता.

शेटलंड म्हणजे शंभराहून अधिक बेटांचा पुंजका, त्यांतील सोळाएक बेटांवर वस्ती, आणि सगळी मिळून माणसे सुमारे तेवीस हजार. समुद्रापासून पाच किलोमीटरांहून दूर असे ठिकाण या भूमीवर सापडत नाही. झाडे जवळजवळ नाहीतच; त्यामुळे शरदाचा रंग येथे पानांवर उतरत नाही, तो गवतावर, दलदलीवर आणि पाण्यावर दिसतो. तपकिरी, राखी, गंजासारखा तांबूस, आणि ढग फाटले की अकस्मात मोरपिशी. या बेटांचा स्कॉटलंडशी आलेला संबंधही गहाणवटीतून आलेला आहे. डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला क्रिश्चन याने आपली कन्या मार्गारेट स्कॉटलंडच्या तिसऱ्या जेम्सला दिली, हुंड्याची रक्कम रोख उभी राहीना, तेव्हा १४६९ साली आठ हजार फ्लोरिनांपोटी शेटलंड तारण म्हणून लिहून दिले. गहाण कधीच सुटले नाही. साडेपाचशे वर्षांनंतरही गावांची नावे नॉर्स, आणि बोलीतही कितीतरी शब्द तिकडचे. विणकामाला ही माणसे ‘मॅकिन’ म्हणतात, म्हणजे नुसते ‘करणे’. दुसऱ्या कोणत्या कामाला हा शब्द राखून ठेवावा असे त्यांना वाटले नाही, यातच सारे आले.

लेरविकच्या लोकरीच्या वखारीत मी पाऊण दिवस काढला. शेटलंडची मेंढी लहानखुरी आणि काटक. जुन्या जातीच्या मेंढीची लोकर उन्हाळ्याच्या आरंभी आपोआप सुटू लागते, तेव्हा कात्री न लावता ती हाताने उपटून काढण्याची रीत होती. लोकरीचे नैसर्गिक रंग अनेक, आणि प्रत्येकाला नाव आहे: तांबूस तपकिरी तो ‘मूरिट’, मधासारखा तो ‘मिओगेट’, आणि काळ्या दंवासारखा गडद करडा तो ‘शेला’. हे शेवटचे नाव ऐकून मराठी कान टवकारतोच. अर्थाचा काही संबंध नाही, पण त्या रंगाची एक लडी मी तेवढ्यासाठी घेतली. वखारीत निवडलेल्या लोकरीचे ढीग पाहताना मला फलटण-माण भागातील धनगरांचे वाडे आठवले. दख्खनी मेंढीची काळी राठ लोकर, तिचे धनगर बायकांनी काढलेले सूत, सणगरांचा खड्ड्यातला माग आणि चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली घोंगडी. पावसात मेंढपाळाला तीच छत्री आणि तेच अंथरूण. शेटलंडच्या लोकरीला २०११ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे आणि तिची एकेक छटा पारखून नावाने विकली जाते. आमच्या घोंगडीला तशी पारख लाभावी, असे त्या ढिगापुढे उभे राहून मला फार वाटले.

२००७ साली जुन्या गोदीच्या काठी उघडलेले शेटलंडचे वस्तुसंग्रहालय विणकामाच्या दालनासाठी पाहावे. १९५१ साली गनिस्टर या ठिकाणी इंधनासाठी पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, खणणाऱ्या दोघांना दलदलीत एका माणसाचे अवशेष आढळले. हाडे जवळजवळ नाहीशी झाली होती, पण त्याच्या अंगावरची लोकरीची वस्त्रे, टोप्या, मोजे, हातमोजे, पीटने सुमारे अडीचशे वर्षे जपून ठेवली होती. त्याच्याजवळच्या विणलेल्या कशात हॉलंडची आणि स्वीडनची मिळून तीन नाणी निघाली, म्हणून तो सतराव्या शतकाच्या अखेरचा ठरला. त्या कशावर रंगीत नक्षीचे पट्टे आहेत, आणि शेटलंडमध्ये सापडलेल्या रंगीत विणकामाचा तो सर्वांत जुना नमुना. मूळ वस्तू एडिंबरोला आहेत, येथे त्यांच्या प्रतिकृती. स्पॅनिश आरमाराचे एक जहाज १५८८ मध्ये फेअर आयलवर फुटले आणि त्यावरील खलाशांनी बेटवासीयांना ही नक्षी शिकविली, अशी आख्यायिका प्रवाशांना हटकून सांगितली जाते. जहाज फुटले हे खरे. शिकवणीला आधार नाही. बायकांच्या बुद्धीचे श्रेय बुडालेल्या खलाशांना देण्याची इतकी घाई का व्हावी, हे मला समजत नाही.

त्याच दालनात एक जुने छायाचित्र आहे. त्यातील बाईच्या पाठीवर गवताची विणलेली मोठी टोपली, तिला येथे ‘किशी’ म्हणतात, ती पीटच्या विटांनी काठोकाठ भरलेली. ओझ्याने ती पुढे वाकली आहे, पायांखाली दलदलीची वाट आहे, आणि दोन्ही हात कमरेपाशी विणीत आहेत. कमरेला घोड्याच्या केसांनी भरलेला, भोके पाडलेला चामडी पट्टा असे. उजवी सुई त्या भोकात रोवली की तिचे वजन हातावर येत नसे आणि बाई चालता चालता विणू शकत असे. येथील बायका क्षणही वाया घालवीत नसत, असे कौतुकाने सांगण्याची चाल आहे. मीही त्या कौतुकानेच ते चित्र पाहू लागले होते. परंतु शेजारच्या तक्त्यावर १८७२ सालच्या चौकशी कमिशनची हकीकत होती, ती वाचली, आणि मग चित्राकडे तसे पाहवेना. विणलेल्या मालाचा मोबदला व्यापारी रोख देत नसत. दुकानातला माल देत, कापड देत, चहा देत, किंवा खात्यावर जमा धरून ‘लाइन’ नावाची चिठ्ठी देत. पीठ-मीठ मात्र त्या हिशोबात क्वचितच मिळे. मग ती बाई चहाची पुडी घेऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाई आणि तिच्या बदल्यात पीठ किंवा बटाटे मिळतात का पाही. कमिशनपुढे बायकांनी स्वतः जबान्या दिल्या; त्या दप्तरात आहेत. एका लग्नाच्या अंगठीतून आरपार निघावी इतकी तलम, दोन वार लांब-रुंद शाल जिने उन्स्ट बेटावरच्या दिव्याच्या उजेडात विणली, तिच्या हाती तिची किंमत नाणे म्हणून आली नाही. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करताना जात्याचे वजन विसरणाऱ्यांतली मीही होते, हे त्या दालनात मला कळले.

लेरविकच्या उत्तरेस ग्रेमिस्टा येथे समुद्रकाठी अठराव्या शतकातील एक दगडी घर आहे. त्यात आता विणकाम-विणाईचे छोटे संग्रहालय असते. याच घरात १७९२ मध्ये आर्थर अँडरसन जन्मला, आणि पुढे तो ‘पी. अँड ओ.’ या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाला. त्याच कंपनीच्या डाक-बोटींनी मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील विद्यार्थी विलायतेस गेले. अँडरसनने तरुण व्हिक्टोरिया राणीला शेटलंडच्या बायकांनी विणलेले तलम मोजे नजर केले आणि या मालाला लंडनमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली. स्वदेशाला तो विसरला नाही. लेरविकची शाळा आणि खलाशांच्या विधवांसाठी बांधलेली घरे त्याचीच. पुढे १९२२ साली त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्सने सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर फेअर आयलचा स्वेटर घातला, आणि मागणी इतकी वाढली की बेटावरील घरोघरी सुया चालू लागल्या.

रविवारी दक्षिणेकडे गेले. सेंट निनियन बेट मुख्य भूमीला वाळूच्या एका बारीक पुळणीने जोडलेले आहे. दोन्ही बाजूंनी लाटा आणि मधून आपण, अशी ती पंधरा मिनिटांची वाट या सबंध शरदातील माझी सर्वांत आवडती वाट ठरली. १९५८ साली तेथील जुन्या देवळाच्या उत्खननात एका शाळकरी मुलाच्या हातून फरशी उचलली गेली आणि खाली पिक्ट काळातील चांदीच्या २८ वस्तू मिळाल्या. त्याही पुढे, विमानतळाची धावपट्टी रस्त्याला छेदून जाते तेथे फाटक पडते. ते ओलांडले की यार्लशॉफ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वादळांनी किनारा कापून काढला तेव्हा उघडी पडलेली ही वसाहत चार हजार वर्षांची आहे: कांस्ययुगातील घरे, लोहयुगातील गोल घरे, नॉर्स लोकांची लांबट घरे, सोळाव्या-सतराव्या शतकांतील वाडा, एकावर एक. नाव तेवढे वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीतले. येथे सूतकताईच्या चातीला लावायच्या भोके पाडलेल्या दगडी चकत्याही मिळाल्या आहेत. राजांची नावे त्या ढिगाऱ्यात कोणाची उरली नाहीत; चकती उरली.

त्या संध्याकाळी बोट सुटण्यापूर्वी लेरविकच्या एका सभागृहात बायका जमल्या होत्या. विणायचे आणि बोलायचे, एवढाच कार्यक्रम. एका आजींनी माझी वीण हाती घेतली आणि शेजारणीप्रमाणेच आधी उलटी केली. मग म्हणाल्या, “ठीक आहे. आता कापायला भिऊ नकोस, आमची लोकर सुटत नाही.” शेटलंडच्या लोकरीचे तंतू एकमेकांना घट्ट धरून बसतात, म्हणून कापल्यावरही टाके पळत नाहीत, हे मी वाचले होते, पण त्या वाक्याने धीर आला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी डी नदीच्या खोऱ्यात डिनेटच्या अरण्यात गेले. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फाच्या ओघाने दगडगोटे घुसळून खडकात कोरलेला रांजणासारखा प्रचंड खळगा तेथे आहे, निघोजच्या कुकडीकाठच्या रांजणखळग्यांचा जणू थोरला भाऊ. आत शिरायला अरुंद फटीतून ओढ्यातले दगड तुडवीत जावे लागते. बाहेर लॉख किनॉर्डच्या काठी बर्च झाडे पिवळी झाली होती, आणि आइसलंडहून आलेले गुलाबी पायांचे हंस थव्याथव्यांनी, कलकलाट करीत, डोक्यावरून चालले होते. पाण्याकाठच्या ओंडक्यावर बसून मी खांद्यांचे टाके बंद केले.

रविवारी सकाळपासून पाऊस लागला होता, म्हणून बाहेर पडणे राहिले. घड्याळ एक तास मागे घेतले आणि शेजारच्या बाईंना बोलावले. स्वयंपाकघरातील मेज पुसून त्यांनी स्वेटर त्यावर पसरला, उजव्या काखेच्या जादा टाक्यांच्या मधोमध बोट फिरवून रेघ दाखविली, आणि कात्री माझ्या हाती दिली. पहिला कट देताना लोकरीचा कुरकुर असा बारीक आवाज झाला. कापलेल्या कडेला धाग्यांची पिसे उभी राहिली, पण एकही टाका सुटला नाही. दुसरी बाजू कापली, गळा मोकळा केला. मग ‘शेला’ रंगाच्या लोकरीने काखेच्या कडेचे टाके उचलायला घेतले. पहिली फेरी पुरी होण्याच्या आधीच साडेचार वाजले, आणि बाईंनी उठून दिवा लावला.